‘पुढे वाढवता येईल’ याचे जादा पैसे कोकणात कोण देतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्यात नोकरीला, गाव देवगडकडचं. सोलर-इन्व्हर्टरचा असा संच बनवायचा विचार आहे की ज्यात बोर्ड, चार्जर, बॅटरी सगळं सुटं असेल. बिघडेल तेवढंच बदलायचं, गरज वाढली की क्षमता वाढवायची, जुनं काही फेकायचं नाही. खर्च बाजारातल्या नेहमीच्या संचापेक्षा साधारण २५ टक्के जास्त येतोय. ओळखीच्यांकडून गूगल फॉर्म भरून घेतलात, त्यात बहुतेकांनी ‘पर्यावरणपूरक आणि टिकाऊ असेल तर जास्त पैसे देऊ’ असं लिहिलंय. आणि आता तुम्हाला शंका येतेय की दुकानात उभे राहिल्यावर हेच लोक स्वस्तातलं उचलतील.

शंका बरोबर आहे, पण पूर्ण बरोबर नाही. मी कणकवलीत इन्व्हर्टर, बॅटऱ्या, पंखे, पंप विकतो नि दुरुस्त करतो, अलीकडे सोलरही करतो. आमच्याकडे लोक जादा पैसे देतात, आणि ते चांगले खणखणीत देतात. फक्त तुम्ही ज्या कारणासाठी मागताय त्या कारणासाठी देत नाहीत. तुमच्या हिशोबात गिऱ्हाईक २५ टक्के आज देणार आणि त्याचा फायदा त्याला चार वर्षांनी मिळणार. मधल्या काळात तुमची कंपनी असेल का, ते सुटे भाग मिळतील का, बसवायला माणूस येईल का, हे तीन प्रश्न त्याच्या डोक्यात असतात. तो तोंडावर विचारत नाही. ‘बघतो, घरात विचारून सांगतो’ म्हणतो आणि निघून जातो.

आधी त्या फॉर्मचं बघू. कोणी विचारलं की निसर्गासाठी चार पैसे जास्त द्याल का, तर नाही म्हणायला माणसाला लाज वाटते. त्यात विचारणारा गावचा मुलगा. पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीने २०२४ साली ३१ देशांतल्या २०,०००हून अधिक ग्राहकांना विचारलं होतं, तेव्हा टिकाऊ पद्धतीने बनवलेल्या मालासाठी सरासरी ९.७ टक्के जास्त देऊ असं उत्तर आलं. लक्षात घ्या, हे नुसतं बोलण्यातलं. तुमच्या फॉर्मात लोक २५ टक्क्यांना हो म्हणत असतील तर तो आकडा तुमच्यावरच्या मायेचा धरा, किमतीचा धरू नका.

मग लोक जादा पैसे कशाला देतात? पंपाचं उदाहरण घ्या. विहिरीवरचा एक एचपीचा मोनोब्लॉक घ्यायला बागायतदार येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘वायंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं?’ ॲल्युमिनियमचा पंप चांगलाच स्वस्त पडतो आणि पहिली काही वर्षं पाणी तेवढंच ओढतो. तरी जाणता माणूस तांब्याचाच घेतो. कारण त्याला माहीत असतं की व्होल्टेज पडून मोटर कधीतरी जळणार आहे. तांब्याची मोटर तालुक्याच्या गावात रिवाइंड करून, म्हणजे आतली तार नव्याने भरून, मिळते, जळलेल्या तारेलाही किलोवर भाव मिळतो. ॲल्युमिनियमची मोटर भरायला बरेच कारागीर तयारच होत नाहीत, झाले तर ‘टिकेल याची खात्री नाही’ असं आधीच सांगून ठेवतात. म्हणजे दुरुस्त होऊ शकणाऱ्या वस्तूसाठी, आयुष्य वाढवता येणाऱ्या वस्तूसाठी, आमचा शेतकरी कित्येक वर्षं जादा पैसे मोजतोच आहे. त्याला कुणी पर्यावरणाचं प्रवचन दिलेलं नाही. यात दोन गोष्टी जुळून येतात: भरून देणारा माणूस त्याला तोंडओळखीने ठाऊक आहे, आणि वस्तू मेली तरी तिचे काही पैसे हातात येतात. तुमच्या संचात या दोन्ही कुठे आहेत, ते शोधा.

आता उलटं उदाहरण, बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या) पंख्याचं. साधा, जुन्या पद्धतीचा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी २८ ते ३५. दिवसाला बारा तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे दीडशे-एकशे साठ युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये जरी पकडले तरी वर्षाला बाराशे रुपयांच्या वर गेलं. पंख्याची जादा किंमत साधारण तेवढीच असते. म्हणजे वर्षात वसूल. कागदावर यापेक्षा सोपी विक्री नाही. तरीही मी बिलाची बचत सांगून फार कमी पंखे विकलेत. महिन्याचे शंभर रुपये वाचतील हे कुणाला उत्साह येण्यासारखं वाटत नाही, आणि बिलात ती बचत वेगळी दिसतही नाही, कारण त्याच महिन्यात पाहुणे आलेले असतात किंवा पंप जास्त चाललेला असतो.

एकदा पहिल्या वळवाच्या गडगडाटानंतर आचऱ्याकडच्या एक काकी गोणपाटात गुंडाळून असा पंखा घेऊन आल्या. रिमोटचा दिवा लागतो, पंखा हलत नाही. मी त्यांच्यासमोरच खोलला. बोर्डावर जिथे वीज आत येते तिथलं सर्ज (विजेचा अचानक आलेला लोट) सोसणारं निळं चकतीसारखं व्हॅरिस्टर फुटलेलं, आजूबाजूला काजळी. साध्या पंख्यात या जागी गेला तर २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जातो, पन्नास-साठ रुपयांचा, आणि वाडीतला कुठलाही वायरमन स्टुलावर चढून पाच मिनिटांत तो बदलतो. इथे अख्खा बोर्ड कंपनीकडून मागवायचा, तोवर उकाड्यात बसायचं. काकी म्हणाल्या, “जुनो पंखो वीस वर्सां फिरता हा, आणि ह्येका एक वीज सोसाक नाय?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पुढची गोष्ट तुमच्या कामाची आहे. त्यांना माजघरासाठी आणखी एक पंखा हवा होता. मी म्हटलं, हाच घ्या, याचे जादा बोर्ड मी आता दुकानातच ठेवतो. त्या म्हणाल्या, “बोर्ड तुझ्याकडे आसा? दाखय बघूया.” मी फडताळातून काढून काउंटरवर ठेवला, कनेक्टर कुठे बसतो ते दाखवलं, किंमत सांगितली. काकींनी बोर्ड उलटासुलटा करून पाहिला आणि महागातलाच पंखा घेऊन गेल्या.

तेव्हापासून मी पंखे दोनच मुद्द्यांवर विकतो. एक, बोर्ड दुकानात आहे. दुसरा मुद्दा बॅकअपचा. १५० एएचची (अँपिअर-अवर, साठवणीचं माप) बॅटरी नवी असताना चार साधे पंखे, म्हणजे ३०० वॅट, साडेतीन-चार तास ओढते. त्याच बॅटरीवर चार बीएलडीसी, म्हणजे १२० वॅटच्या आसपास, नऊ-दहा तास जातात. बॅटरीतलं पाणी आटलेलं नसेल तर रात्रभर झोप होते. जून महिन्यात रात्री अकराला फांदी पडून लाईट गेली की ती सकाळी लाईनमन डोंगरातून वाट काढत येईपर्यंत येत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मग गिऱ्हाईक स्वतःच हिशोब करतं: दुसरी बॅटरी आणि मोठा इन्व्हर्टर घ्यायला वीस हजारांच्या वर जाणार, पंखे बदलायला पाच-सहा हजार जादा. वीज वाचवणारी वस्तू अशी खपते. निसर्गाचं भलं त्यात आपोआप होतं, मी त्याचा उल्लेख बिलावर करत नाही.

लोक भविष्यातल्या फायद्याला एवढे कमी का मोजतात, यावर पुस्तकी कामही बरंच झालंय. जेरी हॉसमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७९ साली घरगुती एसीच्या खरेदीचा अभ्यास केला. जादा किमतीचा पण कमी वीज खाणारा एसी घेताना लोक पुढची बचत वर्षाला वीस टक्क्यांहून जास्त दराने कापून मोजतात असं त्याला दिसलं, आणि उत्पन्न कमी तसा हा दर चढा. आपल्याकडे याला अडाणीपणा म्हणायची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. ज्याच्या घरी दर वर्षाला काही ना काही अचानक खर्च निघतो, त्याने चार वर्षांनंतरच्या रुपयाला आठ आणे मानलं तर तो व्यवहारीच म्हणायचा.

शिवाय लोक फसून शहाणे झालेत. बॅटरीच्या खोक्यावर ‘६० महिने वॉरंटी’ मोठ्या अक्षरांत असतं. त्यातले पहिले ३६ महिने ‘फ्लॅट’, म्हणजे बदलून नवी मिळते, उरलेल्या २४ महिन्यांत प्रो-राटा, म्हणजे नवी घेताना थोडी सूट. ज्याची बॅटरी चाळिसाव्या महिन्यात बसली त्याला हे पहिल्यांदा कळलं आणि त्याने ते सगळ्या वाडीला सांगितलं. आता रिटायर्ड मास्तर दुकानात आले की खुर्चीवर बसायच्या आधी विचारतात, फ्लॅट किती, प्रो-राटा किती? अशा माणसापुढे ‘भविष्यात अपग्रेड करता येईल’ हे वाक्य बोललात तर तो त्याची किंमत शून्य धरून पुढे बोलतो.

आणखी एक धोका आहे, तो फॉर्ममधून कधीच दिसणार नाही. आमची कौलारू घरं ही दुरुस्त होत राहणारी वस्तू होती. फुटेल तेवढंच कौल बदलायचं, वासा कुजला तर तेवढाच वासा, दर मे महिन्यात पावसाआधी कौलं परतायची. तरी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ घरांवर पत्रा चढला. कौलं वाईट झाली म्हणून नव्हे; कौलं परतणारी माणसं मिळेनाशी झाली, आणि मिळाली तर मजुरी परवडेना. तुमच्या सुट्या भागांच्या संचाचंही असंच आहे. तो दुरुस्त होऊ शकतो याला अर्थ तेव्हाच, जेव्हा दुरुस्त करणारे हात तीस किलोमीटरच्या आत आहेत.

म्हणजे इथवरचं सांगायचं तर: वचनाला पैसे मिळत नाहीत; डोळ्यांसमोरचा सुटा भाग, ओळखीचा कारागीर आणि आज टळणारी गैरसोय यांना मिळतात. आता हे सगळ्यांना सारखं लागू नाही, गिऱ्हाईक कोण यावर पुष्कळ अवलंबून आहे.

तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक म्हणजे तारकर्ली, देवबाग, भोगवे, वेंगुर्ला या पट्ट्यातले निवास-न्याहारीवाले. त्यांच्या चार खोल्या डिसेंबरात किंवा मे महिन्यात भरलेल्या असताना रात्री इन्व्हर्टर गेला तर त्यांचं नुकसान दुरुस्तीच्या खर्चाच्या कित्येक पट असतं. पाहुणा पैसे परत मागतो, वर गूगलवर एक तारा देऊन जातो, आणि तो तारा पुढच्या मोसमापर्यंत पुसला जात नाही. अशा माणसाला तुम्ही म्हणालात की पॉवर बोर्ड ट्रेसारखा बाहेर ओढायचा, दुसरा सरकवायचा, तुमचा पोरगा स्वतः दहा मिनिटांत करेल आणि जादा ट्रे तुमच्याच कपाटात राहील, तर तो २५ काय, ४० टक्केही देईल. मी त्यांच्याशी बोलतो तेव्हा बॅटरी किती वर्षं टिकेल हा विषय मागाहून येतो. आधी विचारतात, ‘रविवारी गेला तर?’ शिवाय या लोकांना खोल्या वाढवायच्या असतात. दोनाच्या चार, चाराच्या सहा. ‘पुढे वाढवता येईल’ हे वाक्य ज्याला खरोखर समजतं असं हे एकमेव गिऱ्हाईक.

दुसरे चाकरमानी. घर वर्षातले दहा महिने बंद, गणपतीत आणि शिमग्याला उघडायचं, किंवा आई-वडील एकटे राहतात. पैसे देणारा डोंबिवलीत, वापरणारे गावात. इथे पैसे देणाऱ्याला काय हवं असतं? की आईचा रात्री फोन येऊ नये. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला कुणी नाही, म्हणून पाणी न लागणारी लिथियम बॅटरी तो महाग असूनही घेतो. पण बदलता येणारे भाग आईसाठी निरुपयोगी आहेत; ती स्क्रू ड्रायव्हर हातात घेणार नाही, आणि तिने घेऊही नये. त्याला विकायचं असेल तर तुमच्या माणसाचा गावातला फोन नंबर विका. वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, येऊन तपासून जाईन असं लिहून द्या. त्याचे पैसे तो आनंदाने देतो.

बागायतदाराचं वर सांगितलंच. पेन्शनर माणूस सगळं नीट वाचेल, चार वेळा येईल, प्रश्न सगळ्यांत चांगले विचारेल आणि शेवटी मधल्या किमतीचं घेईल. त्याच्यावर धंदा उभा करू नका, पण त्याचे प्रश्न लिहून ठेवा.

या सगळ्यांच्या डोक्यात आता आणखी एक किंमत बसली आहे, ती अनुदानाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राचं अनुदान मिळतं, त्यामुळे ‘सोलर’ म्हटलं की लोक त्याच्याशी तुलना करतात. यातला साधा ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाईनला जोडलेला, बॅटरी नसलेला) संच लाईट गेली की बंद पडतो, भर दुपारी ऊन असलं तरी. लाईनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. बसवून झाल्यावर हे कळलेली माणसं चिडून माझ्याकडे येतात. त्यांना तुमचा संच समजावणं सोपं आहे, कारण गरज काय आहे ते त्यांना आता पटलेलं असतं. फक्त पावसाळ्यातलं खरं सांगा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि लाईट सगळ्यात जास्त तेव्हाच जाते. जुलैत पॅनेलच्या भरवशावर बॅटरी भरत नाही, ती लाईनवरच भरावी लागते. हे तुम्ही विकायच्या आधी सांगितलंत तर गिऱ्हाईक राहतं, नंतर त्याला कळलं तर जातं.

आता थोडं तांत्रिक, कारण ‘अपग्रेड’ हा शब्द तुम्ही सढळ वापरलाय. लेड-ॲसिडची बॅटरी दोन वर्षांनी जुनीला नवी जोडून वाढवता येत नाही. जुनी नवीला ओढून खाली नेते, दोन्ही लवकर बसतात. मी तरी जुन्या-नव्याची जोडी कधी बांधून देत नाही. म्हणजे क्षमता वाढवायचं वचन फक्त लिथियमवर, तेही ज्या बॅटरीत स्वतःचा बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) आहे आणि समांतर जोडायची परवानगी बनवणाऱ्याने लिहून दिली आहे तिथेच पाळता येईल. इन्व्हर्टर आधी लेड-ॲसिडवर आणि पुढे लिथियमवर चालवायचा असेल तर चार्जिंगची सेटिंग बदलता आली पाहिजे. लेड-ॲसिडचे सेल एकसारखे भरायला दिलं जाणारं इक्वलायझिंगचं चढं व्होल्टेज लिथियमला चालत नाही. पॅनेलचं तर विचारू नका. काही वर्षांपूर्वी ३३० वॅटचं पॅनेल सर्रास होतं, आता ५४०च्या पुढे गेलंय, करंट वेगळा, आकार वेगळा. जुन्याच ओळीत नवं पॅनेल जोडलंत तर सगळी ओळ कमी करंटवर चालते. नव्या पॅनेलसाठी वेगळा एमपीपीटी इनपुट (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या चार्जरची जोडणी) आधीपासून रिकामा ठेवलात तर वाढवणं शक्य आहे. हा रिकामा इनपुट गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवता येतो. असं जे दाखवता येईल त्याचेच पैसे मागा.

आणि समुद्र विसरू नका. पुण्यातल्या प्रयोगशाळेत दहा वर्षं टिकणारा जोड देवबागला दोन पावसाळ्यांत हिरवा होतो. बदलता येणाऱ्या भागांचा अर्थच असा की कनेक्टर जास्त, आणि खारी हवा पहिला घास कनेक्टरचाच घेते. तुमची सगळ्यात मोठी परीक्षा हीच आहे असं मला वाटतं. पिनांवर चांगलं प्लेटिंग, बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचा लॅकरसारखा थर, नटबोल्ट किनाऱ्याजवळ ३०४ऐवजी ३१६ ग्रेडच्या स्टीलचे, पॅनेल आयईसी ६१७०१ची क्षारधुक्याची चाचणी झालेलं. हवा जायच्या फटींना बारीक जाळी लावा. लाल मुंग्या आणि पाली उबेला आत शिरतात, पाल दोन टर्मिनलांवर आडवी झाली की बोर्ड आणि पाल दोन्ही जातात. मी उघडलेल्या जळक्या इन्व्हर्टरांत हा प्रकार अजिबात दुर्मीळ नाही. कातळावरच्या घरांत अर्थिंग हा तर वेगळाच विषय. जांभ्यात नुसता रॉड ठोकून काही होत नाही, खड्डा करून त्यात बेंटोनाइटसारखी ओल धरणारी भर घालावी लागते. ते नीट केलं नाही तर सर्ज प्रोटेक्टर असून नसल्यासारखा. जादा २५ टक्क्यांतले बरेचसे पैसे इथे घाला. ‘खाऱ्या हवेसाठी बनवलाय’ हे वाक्य किनाऱ्यावर ‘पर्यावरणपूरक’पेक्षा कितीतरी जास्त विकतं, कारण प्रत्येकाच्या घरी गंजलेला एक तरी फ्रीज आहे.

भंगाराचा मुद्दा तुमच्या कागदात दिसला नाही. लेड-ॲसिड बॅटरी मेली तरी दुकानात तिचे दोन-चार हजार वजा होतात. गिऱ्हाईक ते पैसे खरेदीच्या दिवसापासून आपले मानतं. लिथियमच्या मेलेल्या बॅटरीचं आमच्या तालुक्यात आज कुणी काही देत नाही. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुनी बॅटरी गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे. तुम्हाला ते करावंच लागणार, मग त्यालाच किंमत लावा. जुना बोर्ड, जुनी बॅटरी परत आणली की अमुक रुपये वजा, असं पहिल्या बिलावर छापा. माझ्या अंदाजाने या एका ओळीने तुमच्या संचावरचा विश्वास जेवढा वाढेल तेवढा कुठल्या हिरव्या पानाच्या चित्राने वाढणार नाही.

किमतीबद्दल माझं मत असं की २५ टक्के पहिल्याच दिवशी मागू नका. वाढवता येण्याचा खरा फायदा सुरुवात लहान करता येण्यात आहे. दोन पंखे, चार दिवे, वायफाय एवढ्यापुरता संच बाजारभावाच्या जवळपास द्या, आणि पुढचं मॉड्यूल घेताना कमवा. आंब्याचे पैसे आले की तो एक बॅटरी वाढवेल, गणपतीला मुंबईचा भाऊ पॅनेल घेऊन देईल. कोकणात घरंही अशीच बांधली जातात, एकेक खोली करून. यात जोखीम तुमच्याकडे येते हे खरं. पुढचं मॉड्यूल त्याने घेतलंच नाही तर तुमचं मार्जिन बुडालं. म्हणून पहिल्या संचात तोटा होईल एवढं खाली उतरू नका, आणि निवास-न्याहारीवाल्यांकडून पूर्ण भाव घ्या.

मोठ्यांचं काय झालं तेही बघा. गूगलने सुट्या भागांच्या फोनचा प्रोजेक्ट आरा २०१६ मध्ये गुंडाळला. त्याच वर्षी एलजीने जी५ फोनला जोडायचे तुकडे काढले, तेही चालले नाहीत. नेदरलँड्सचा फेअरफोन मात्र टिकला, छोटा राहिला पण टिकला. त्यांच्या २०२३च्या फेअरफोन ५ला पाच वर्षांची वॉरंटी आणि किमान आठ वर्षं सॉफ्टवेअर देण्याचं आश्वासन आहे, सुटे भाग किमतीसकट त्यांच्याच दुकानात दिसतात. सगळे फोन उघडता येत होते. फरक पडला तो उघडल्यानंतर पुढे काय, याचं उत्तर कुणी दिलं यामुळे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१पासून काही वस्तूंवर दुरुस्तीक्षमतेचे दहापैकी गुण किमतीशेजारी लावावे लागतात, त्यात सुट्या भागांची किंमतही मोजली जाते. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. सक्तीची वाट बघू नका. खोक्याच्या बाहेरच छापा: बोर्ड इतक्याला, डिस्प्ले इतक्याला, आतला पंखा इतक्याला, आणि या किमती अमुक वर्षापर्यंत बांधील. मी दुकानदार म्हणून सांगतो, असं खोकं माझ्या काउंटरवर असेल तर मला बोलायचे कष्टच राहणार नाहीत.

आता परीक्षा कशी घ्यायची. फॉर्म बंद करा. दोन संच घेऊन दोन दुकानांत ठेवा, एक कणकवली-कुडाळसारख्या बाजारपेठेत, एक मालवण किंवा वेंगुर्ल्यात. शेजारी नेहमीचा संच, दोघांवर किंमत लावलेली. ज्याला तुमचा आवडला त्याच्याकडून पाचशे-हजार इसार घ्या, पावती द्या, नको वाटलं तर परत मिळेल सांगा. इसार देणारे किती आणि ‘छान आहे’ म्हणून जाणारे किती, हाच तुमचा सर्व्हे. वेळही बघा. मे महिन्यात आंब्याचे पैसे खेळत असतात आणि पावसाची धास्ती असते, तेव्हा आकडा फुगलेला दिसेल. जून-जुलैत मासेमारी बंद, बंदरावर हात आखडलेला, तेव्हा विचाराल तर उगाच निराश व्हाल. मे २०२१च्या तौक्ते वादळानंतर काही महिने लोक मोठ्या बॅटऱ्याच मागत होते, किमतीची घासाघीस न करता. वर्षभरात ते सगळं विसरलं गेलं. म्हणून एका मोसमाच्या आकड्यावर कर्ज काढू नका.

त्याच दरम्यान वाड्यावाड्यांतले वायरमन एकत्र बोलवा, जेवण घाला, तुमचा संच त्यांच्या हातांनी उघडून जोडायला लावा. प्रत्येक बदललेल्या भागामागे त्यांना मजुरी मिळेल असं ठरवून द्या. गिऱ्हाईक शेवटी त्यालाच विचारणार आहे, “तां सगळां खरां, पण बिघडलां तर येतलो कोण?” त्यावर त्याने ‘मी येतंय’ म्हटलं तर तुमचा संच विकला गेला. ‘ता पुण्याचा काय ता माका म्हायत नाय’ म्हटलं तर संपलं.

एक सावधगिरी. आज जो जादा भाव मिळेल तो कायम मिळेल असं धरून हिशोब मांडू नका. एलईडी बल्बची सरकारी खरेदीची किंमत २०१४ मध्ये ३१० रुपयांच्या आसपास होती, २०१६ पर्यंत ती ३८ वर आली. लिथियमही त्याच वाटेने स्वस्त होत चाललंय. आणखी तीन वर्षांनी नेहमीचा संचही पाणी न लागणारा असेल. तेव्हा तुमच्याकडे वेगळं उरेल ते खाऱ्या हवेतले जोड आणि गावोगावचे हात.

तुमचा संच १२ व्होल्टचा आहे की २४ किंवा ४८चा, आणि बॅटरीचे सेल कुठून घेताय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवा. १२ व्होल्टवर ठेवला असेल तर वाढवण्याबद्दलचं माझं वरचं बरंचसं म्हणणं बदलेल, कारण एक किलोवॅटच्या पुढे त्या व्होल्टेजला केबलच इतकी जाड लागते की तुमचे २५ टक्के तिथेच संपतील.